सतरानंतर एकोणीस

१

सतरा झाले की अठरा येतात, हे बालवाडीतलं पोरगंसुद्धा सांगेल. पण त्या कागदावर सतरानंतर थेट एकोणीस होतं, आणि मधल्या त्या एका आकड्यापायी सुभेदार लालासाहेबांची लेक गेली होती.

शिवांजली तिचं नाव. वय चोवीस, पहिलंच बाळंतपण. सांगलीच्या दवाखान्यात मुलगा झाला, पण रक्त काही थांबेना. तिचा गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाच्या दोन बाटल्या होत्या, त्या लागल्या. तिसरी पाहिजे होती. भिंतीवर रक्तदात्यांची छापील यादी लावलेली होती, आणि ती खुद्द सुभेदारांनीच मार्चमध्ये विट्याजवळच्या आपल्या गावात शिबिर घेऊन करून दिलेली. नर्सनं बोट फिरवत यादी वरून खाली दोनदा वाचली. ओ निगेटिव्ह एकही नव्हता. मग कोल्हापूरला माणूस पिटाळला. तो बाटली घेऊन आला साडेतीनला. शिवांजली दोनलाच गेली होती.

हे झालं एकोणीसशे नव्व्याण्णवच्या मे महिन्यात. तेराव्याला सुभेदारांच्या दारात मांडव होता, उन्हानं माणसं घामाघूम झाली होती. तेवढ्यात बौद्ध वस्तीतला महेंद्र आला. सांगलीला मार्केट यार्डात हळदीच्या दुकानात कामाला असायचा. सरळ सुभेदारांपुढं येऊन उभा राहिला आणि खिशातनं एक कार्ड काढलं.

"सुभेदार, हे शिबिरातलं कार्ड. काल सहज बघितलं तर ओ निगेटिव्ह लिवलंय. आवं, मी त्या दिवशी सांगलीतच हुतो! दवाखान्यापासनं सायकलीनं धा मिंटं. मला का न्हाई सांगावा धाडला?"

सुभेदारांनी कार्ड हातात घेतलं. त्यावर नोंद क्रमांक होता अठरा.

दवाखान्याच्या भिंतीवरची यादी जावयानं त्याच दिवशी रागानं उपटून आणली होती. ती बाहेर काढली. वर ठळक अक्षरात 'एकूण रक्तदाते ४१'. खाली सोळा, सतरा, एकोणीस, वीस. महेंद्रचं नाव नव्हतंच.

"कुणी काढलं?" सुभेदार एवढंच म्हणाले. आवाज असा लागला की मांडवातली कुजबुज बंद पडली.

सुभेदारांचा मुलगा ऋषिराज खांबाला टेकून उभा होता. तो खाली बघत म्हणाला, "यादी आम्रपालीनं केलीया. राजारामाची पोरगी. तिला इचारा."

झालं. मांडवाला तेवढं पुरे होतं.

२

राजाराम आता हयात नव्हता. पण आठ वर्षांपूर्वी बुद्धविहाराला गावठाणातली जागा द्या म्हणून तो ग्रामसभेत उभा राहिला होता आणि त्याला सगळ्यात मोठ्यानं विरोध केला होता तो ह्याच सुभेदारांनी. त्यामुळं गावानं हिशेब लावून टाकला. आपल्या माणसाचं रक्त सुभेदाराच्या घरात जाऊ नये म्हणून पोरीनं बापाचा डाव साधला म्हणे! लोकांच्या जिभेला हाड नसतं म्हणतात, इथं तर लाजही नव्हती.

"सोमवारी पोलिसात अर्ज देतो," सुभेदार म्हणाले.

हे ऐकून मांडवातला एकच माणूस पुढं सरकला. तो बिराप्पा. मूळचा जतचा, एकतीस वर्षं सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, आता निवृत्त. सुभेदार सीमेवर असताना त्यांचे घरचे ट्रंककॉल ह्यानंच जोडून दिलेले. त्या आवाजाच्या ओळखीची पुढं दोस्ती झाली. बिराप्पाचा एक लौकिक होता. माणूस खोटं बोलायला लागला की त्याच्या आवाजात काय होतं ते म्हणे त्याला बरोबर कळायचं. त्यापायी घरात बायकोनं त्याच्याशी बोलणंच कमी केलं होतं, ती गोष्ट निराळी.

"सुभेदार, सोमवारपातुर मला द्या," तो म्हणाला. "आज शुक्रवार हाय. तीन दिसात मी सांगतो अठरा नंबर कुठं गेला त्ये."

"तू काय पोलिस हायस?"

"न्हाई. पण त्या पोरीला एक तारखेला कराडच्या कॉलेजात कामावर हजर व्हायचंय. अर्ज गेला की त्ये गेलं. आणि समजा तिनं न्हाई केलं तर? मग परत कुणाला इचारायचं?"

आत बनुबाई, त्यांची बायको, नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिला रडायचंही बळ उरलं नव्हतं. तिच्याकडं बघत सुभेदार म्हणाले, "सोमवार सकाळ. पुढं एक तास न्हाई."

बिराप्पानं यादीचा कागद मागून घेतला आणि एसटीत बसला. सांगली येईपर्यंत तो त्या कागदाकडंच बघत होता. तक्त्याला जाड चौकट होती. डावीकडं होती, वर होती, खाली होती. उजवीकडं मात्र चौकट नव्हतीच. तिथं फोन नंबरचा रकाना येऊन कागदाच्या कडेला टेकला होता आणि संपला होता.

तीन बाजूंनी चौकट मारून चौथी बाजू कोण सोडून देईल?

३

आम्रपाली शिकवायची तो कॉम्प्युटर क्लास सांगलीत विश्रामबागेत, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. मालक कृष्णात. अंगानं आडवा, बोलण्यात गोड. दाराजवळच्या बोर्डावरून आम्रपालीचं नाव त्यानं गावाकडनं फोन येताच पांढऱ्या रंगानं पुसलं होतं आणि रंग अजून वाळायचा होता.

"काका, मी तर हात जोडले," कृष्णात म्हणाला. "सुभेदारांनी शिबिर घेतलं, वही आणून दिली, म्हणाले ह्याचं इंटरनेटवर पान करा. जिल्ह्यात पहिलंच पान! मी आम्रपालीला सांगितलं. सगळं तिनंच टाइप केलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस ओळी."

"सगळ्या?"

"सगळ्या. आमच्या जाहिरातीत लिहिलंयच की, तज्ज्ञांनी तयार केलेलं पान."

बिराप्पानं डोळे मिटून घेतले होते. 'सगळ्या' म्हणताना ह्याचा आवाज किंचित वर चढला. ट्रंककॉलवर 'मी आत्ताच निघतोय' म्हणणाऱ्या नवऱ्यांचा चढायचा तसाच.

"आणि छापलं कुणी?"

"मीच. दवाखान्यात नेऊन लावलं पण मीच. पेपरात फोटो आलाय, दाखवू?"

"नको. छापल्यावर वाचलं हुतंस?"

"वाचायचं काय त्यात? पडद्यावर दिसतं तेच कागदावर येतं की."

"ह्या कागदाला उजवीकडं चौकट का न्हाई?"

कृष्णातनं कागद घेतला, उलटा केला, सुलटा केला. खरंच बुचकळ्यात पडला तो. "आयला, हो की," म्हणाला. ह्या वेळी आवाज सरळ होता. म्हणजे ओळींचं खोटं बोलत होता, पण चौकटीचं ह्यालाही ठाऊक नव्हतं.

"सुभेदारांची वही कुठाय?"

"ती आमच्याकडं नाही. ऋषिराज घेऊन गेला. आमच्याच क्लासला होता ना तो. आज फोन आला तेव्हा त्याला मागितली, तर म्हणाला हरवली."

बिराप्पा उठला. एका माणसाच्या मरणाची चौकशी चालू असताना नेमकी तीच वही हरवावी, हे काही त्याच्या गळी उतरेना.

४

आम्रपालीला त्यानं शनिवारी सकाळी क्लासवर बोलावून घेतलं. कृष्णात कुरकुरला, पण बिराप्पा त्याला म्हणाला, "मग पोलिस आल्यावर उघड." तेव्हा त्यानं गपचूप किल्ली काढून दिली.

पोरगी बावीस-तेवीसची. डोळे सुजलेले, पण मान ताठ. आल्या आल्या म्हणाली, "काका, एक सांगू? मार्चमध्ये यादी केली तेव्हा शिवांजलीताईला रक्त लागणार हे मला काय स्वप्नात आलं होतं?"

"अय्यो, बाई, हेच मी काल एसटीत बसून म्हणत हुतो," बिराप्पा म्हणाला. "ज्यानं कुणी केलं त्येला पुढचं म्हाईत नव्हतं. म्हणजे दावा-सूड न्हाई ह्यात. पण दावा न्हाई म्हणून चालत न्हाई, नाव गेलं कुठं त्ये दाखवाय लागतंय."

तिनं कॉम्प्युटर चालू केला. पान दिसायच्या आधी त्याच्यामागचा मजकूर उघडला. सगळी इंग्रजी अक्षरं आणि उलटेसुलटे कंस. बिराप्पाला त्यातलं ओ की ठो कळेना.

"एवढ्यात नावं शोधते," ती म्हणाली. काहीतरी दाबलं आणि एकदम मागं सरकली.

"काय झालं?"

"काका, महेंद्रदादाचं नाव आहे. हे बघा. अठरा, महेंद्र, गाव, ओ निगेटिव्ह, फोन. सगळं आहे. कुणीच काढलेलं नाही."

बिराप्पानं चष्मा पुसून परत लावला. खरंच होतं. जे नाव भिंतीवर नव्हतं, कागदावर नव्हतं, ते आत जसंच्या तसं बसलेलं होतं.

"मग दिसत का न्हाई?"

आम्रपालीनं पान उघडलं. सोळा, सतरा, एकोणीस. तिची नजर पडद्याच्या तळाशी गेली. तिथं एक आडवी पट्टी होती, पान बाजूला सरकवायची. तिनं ती हळूहळू उजवीकडं ओढली. रकाने डावीकडं पळाले, फोन नंबर गेले, आणि कोऱ्या जागेत, सतराव्या ओळीच्या शेपटाला, ऋषिराजच्या उजव्या हाताला एकटाच महेंद्र उभा होता. त्याच्यावर कुणी नाही, खाली कुणी नाही. आणि त्याच्या पलीकडं होती ती हरवलेली चौकट.

"कागद इथंच संपतो," आम्रपाली म्हणाली. "छापताना एवढा भाग कापला गेला, काका. दादा कागदाच्या बाहेर राहिला."

५

"मला अडाण्याला समजंल असं सांग," बिराप्पा म्हणाला.

"तक्ता करायचा तर आधी ओळ उघडायची. त्याची खूण टीआर. मग एकेक कप्पा, त्याची खूण टीडी. नंबर, नाव, गाव, गट, फोन असे पाच कप्पे झाले की ओळ बंद करायची. पुढच्या माणसाला परत नवीन टीआर."

"आणि न्हाई उघडला तर?"

"तर कॉम्प्युटरला वाटतं ओळ अजून चालूच आहे. तो पुढच्या माणसाचे कप्पे त्याच ओळीत उजवीकडं जोडत जातो. माणूस खाली येतच नाही."

"म्हणजे सतरा बंद करून अठरा उघडायचा ऱ्हायला."

"हो."

"तुझ्याकडनं?"

ती मजकुरावर बोट ठेवून म्हणाली, "काका, ह्या खुणा बघा. माझ्या सगळ्या बारीक अक्षरात असतात. एक ते दहा बारीक, एकवीसपासनं पुढं बारीक. आणि अकरा ते वीस बघा, सगळी कॅपिटल. मी पोरांना सरावासाठी दहा-दहा ओळी वाटून दिल्या होत्या. ह्या दहा माझ्या हातच्या नाहीत."

"क्लासात कॅपिटलमधी कोण लिवतंय?"

"एकच जण. बटण दाबून ठेवतो आणि सोडायचं विसरतो. मी कितीदा बोलले."

"कोण?"

आम्रपालीनं पडद्याकडची नजर काढली नाही. "त्यानं बहीण घालवलीय, काका. माझ्या तोंडून नको."

ज्यानं हिला भरमांडवात आरोपी केलं, त्याचंच नाव ही घेत नव्हती!

"माझीपण चूक आहे," ती म्हणाली. "मी फाईलमध्ये नावं मोजली, एकेचाळीस भरली. पान उजवीकडं सरकवून बघितलं नाही. आणि पोरांना सांगताना फळ्यावर मीच लिहिलं होतं, वहीतली एक ओळ म्हणजे एक टीआर."

बिराप्पा दारापर्यंत गेला आणि थबकला. पोरगं चुकलं म्हणावं, तर बाकीच्या आठ ओळी बिनचूक होत्या. अकरा, बारा, तेरा सगळे आपापल्या ओळीत. एकोणीस, वीससुद्धा. मग नेमका सतरा-अठराच्या मध्येच ह्याचा हात का अडखळला?

उत्तर वहीत होतं, आणि वही हरवली होती.

६

ऋषिराज दुपारी उसाच्या रानात सापडला. मोटरीच्या खोलीपाशी बसला होता. पाणी पाटातनं वाहून बांधावर चाललं होतं, त्याकडं लक्षच नव्हतं.

"मी नुसता वाचून दाखवत हुतो काका, टाइप ती करत हुती," बिराप्पानं तोंड उघडायच्या आत तो म्हणाला.

"अकरा ते वीस कॅपिटलात हायती, ऋषी."

पोरानं मान खाली घातली.

"वही कुठाय?"

"हरवली."

"एकतीस वरसं मी लोकांची बोलणी ऐकली, गड्या. हरवल्याली वस्तू सांगताना माणूस कुठं हरवली त्ये सांगतो. तू नुसतं हरवली म्हणतोस. आण ती."

ऋषिराज उठला नाही. एकाएकी त्याला रडू कोसळलं. वीस वर्षांचा दांडगा गडी हुंदके देऊन रडायला लागला, आणि बिराप्पाला कळेना ह्याला जवळ घ्यावं का दोन ठेवून द्याव्यात.

"मी चुकलो असतो तर बरं झालं असतं, काका," तो म्हणाला. "आईची शपत, मीच चुकलो असतो तर लय बरं झालं असतं."

मोटरीच्या पेटीमागं प्लॅस्टिकच्या पिशवीत वही होती. सुभेदारांचं अक्षर. फौजेतलं वळण, एकेक नाव शिपायासारखं ताठ, प्रत्येकाला आपली ओळ. बिराप्पानं पान उलटलं. चौदा, पंधरा, सोळा.

पुढच्या एकाच ओळीत दोन नावं होती. बारीक अक्षरात वर ऋषिराज, खाली महेंद्र. आकडे सतरा आणि अठरा. गाव दोघांना मिळून एकच लिहिलेलं, फोनही एकच, सुभेदारांच्या घरचा, कारण महेंद्रच्या वस्तीला फोन नव्हता आणि तिथल्या सगळ्यांचा पीपी, म्हणजे निरोपाचा, नंबर तोच. दोन्ही नावांना बाहेरून एक मोठा महिरपी कंस घातलेला. आणि कंसाच्या टोकाला लाल शाईनं दोन शब्द, खाली रेघ मारून: 'एका ओळीत'.

बिराप्पा वही घेऊन पाटाच्या कडेला बसला.

त्याला शिबिराचा दिवस जसाच्या तसा आठवला. कारण तो स्वतः तिथं होता. सुभेदार शाळेच्या व्हरांड्यात माईकपाशी उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "विहाराच्या टायमाला मी आडवा पडलो हुतो. चुकलं माझं. रक्त एकच असतंय ह्ये मला रणात कळलं हुतं, गावात येऊन मी इसरलो. आज माझा ऋषिराज आणि ह्यो महेंद्र, दोघांची नावं मी एका ओळीत लिवतो. बघा समद्यांनी!" आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी वहीत लिहिलं होतं. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले होते. महेंद्रनं वाकून नमस्कार केला, तर सुभेदारांनी त्याला वरच्या वर उचलून मिठी मारली. टाळ्या थांबेनात. बिराप्पानंही हात दुखेपर्यंत वाजवल्या होत्या.

"मॅडमनी फळ्यावर लिवलं हुतं, वहीतली एक ओळ म्हंजी एक टीआर," ऋषिराज म्हणाला. "आण्णांनी तर शब्दात लिवलंय, एका ओळीत. मी तसंच केलं. गाव, फोन दोघांना येगळं घातलं, पण ओळ एकच ठेवली. तोडली असती तर आण्णा रागावलं असतं. ताई गेल्यावर तिसऱ्या दिवशी मला उमगलं. मग वही दडवली. मांडवात आण्णांनी इचारलं कुणी काढलं, आणि माझ्या तोंडातनं तिचं नाव गेलं. मी काय सांगणार हुतो काका? आण्णा, तुमीच, असं?"

पाणी बांध फोडून शेजारच्या रानात शिरलं होतं. दोघांपैकी कुणीही उठलं नाही.

७

बिराप्पा रविवारचा दिवसभर घरात बसून राहिला. जेवला नाही. गप्प बसावं तर पोरगी जाते, बोलावं तर माणूस जातो. सोमवारी सकाळी आठला तो सुभेदारांच्या सोप्यात होता. समोर टेबलावर अर्ज लिहून तयार होता. बिराप्पानं वही उघडून त्या अर्जावर ठेवली आणि सगळं सांगितलं. टीआर सांगितला, टीडी सांगितला, चौकट सांगितली. काही लपवलं नाही.

लाल शाईच्या दोन शब्दांवर सुभेदारांनी बोट ठेवलं आणि ते बोट तिथंच राहिलं.

"आनि त्या दिवशी दवाखान्यात मला आठवलं पण न्हाई," ते शेवटी म्हणाले. "मीच लिवलेलं. नर्स म्हणाली यादीत न्हाई, आनि मी म्हटलं, यादीत न्हाई म्हंजी न्हाईच. फौजेतली सवय. कागदावर इस्वास."

"सुभेदार, ह्यात तुमचा वाईट हेतू..."

"हेतू राहू दे. मला एक सांग, बिराप्पा. दोघांना येगळ्या ओळीत लिवलं असतं, तर माझी शिवा जगली असती?"

एकतीस वर्षांत बिराप्पाच्या कानावर सगळ्या तऱ्हेचे आवाज आले होते. हा आला नव्हता.

"बहुतेक जगली असती," तो म्हणाला, कारण दुसरं खरं त्याच्यापाशी नव्हतं.

आतून बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि बनुबाईचं त्याला चुचकारणं. सुभेदारांनी अर्ज उचलला, चार तुकडे केले आणि सदऱ्याच्या खिशात घातले. मग वही मिटून मांडीखाली घेतली.

"अर्ज न्हाई देत. पण ह्ये भायेर जायचं न्हाई."

"आणि आम्रपाली? गाव काय म्हणतंय तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय." सुभेदारांनी त्याच्याकडं बघितलं नाही. "बनूनं लेक घालवली. आता तिनं नवऱ्याकडं आणि पोराकडं कसं बघायचं त्ये तू सांग, मग मी चावडीवर जाऊन वही वाचून दाखवतो. सांग की!"

बिराप्पाला राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. रागानं बोलायला हवं होतं, कीव आडवी आली. त्यानं शब्द दिला.

८

अर्ज न दिल्याचं कारण सुभेदारांनी कुणाला सांगितलं नाही, म्हणून गावानंच ते शोधून काढलं. सुभेदार मोठ्या मनाचा माणूस, पोरीला माफ केलं! सुभेदारांचं नाव आणखी वर गेलं आणि आम्रपालीवर जे होतं ते पक्कं झालं. जिला माफ केलं तिनं केलं असणारच की. कृष्णातनं तिला परत घेतलं नाही. कराडच्या कॉलेजातनं दोन ओळींचं पत्र आलं, नेमणूक तूर्त थांबवण्यात येत आहे. जूनमध्ये ती मावसबहिणीकडं भोसरीला निघून गेली, कुठल्याशा कारखान्यात पॅकिंगला. कॉम्प्युटर तिथं नव्हता.

बिराप्पाला घास गोड लागेना. कुणाला तरी सांगितल्याशिवाय ह्यातनं सुटका नाही असं त्याच्या मनानं घेतलं, आणि एक दिवस तो आम्रपालीच्या आईकडं, येसूबाईकडं गेला. म्हातारी दारात बसून शेंगा फोडत होती. तिनं त्याला सतरंजी टाकली, पाणी दिलं. बिराप्पानं खाली मान घालून सगळं सांगून टाकलं, पहिल्यापासनं शेवटपर्यंत. कंस, लाल शाई, सुभेदारांना दिलेला शब्द, सगळं. सांगून झालं तसं त्याला जरा मोकळं वाटलं.

"तुमच्या पोरीचा काडीइतका दोष न्हाई, येसूबाई," तो म्हणाला. "ह्ये तुमाला ठावं असावं, म्हणून आलो."

येसूबाईचे हात थांबले नाहीत. शेंग फुटायची, दाणे सुपात पडायचे, टरफल बाजूला.

"माझ्या पोरीनं केलं न्हाई ह्ये मला पयल्या दिसापासनं ठावं हाय, आप्पा," ती म्हणाली. "ज्यांना ठावं न्हाई, त्यांचं आख्खं गाव पडलंय तिकडं. त्यांना सोडून तुमी मलाच सांगाय आला व्हय?"

बिराप्पा उठला, चपला घातल्या आणि गावातनं न जाता बाहेरच्या वाटेनं एसटी स्टँडवर गेला.